वाचकांचे प्रश्न : झोत एकच, दिशा मात्र प्रत्येक बिंदूला वेगळी

प्रश्न : बी.एस्सी.च्या मुलांना अरीय ध्रुवीकरणाचा झोत दाखवायचा आहे. पोलरॉइडचा एक कागद सोडला तर हाताशी काही नाही. जमेल का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : जमेल, आणि छान जमेल. प्रकाशातल्या विद्युतक्षेत्राचे कंपन ठरावीक दिशेने होणे म्हणजे ध्रुवीकरण, आणि पोलरॉइड म्हणजे एकाच दिशेचे कंपन पार जाऊ देणारा कागद; ती दिशा म्हणजे त्याचा अक्ष. नेहमीच्या ध्रुवीकृत झोतात सगळीकडे कंपनाची दिशा एकच असते. अरीय झोतात ती मध्यापासून बाहेर पसरते, बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखी. ते चाक पोलरॉइड कापूनच तयार करायचे.

आधी कागदाचा अक्ष शोधा, कारण बहुतेक कागदांवर त्याची खूण नसते. काळसर थाळ्यात पाणी घालून पडवीत ठेवा आणि त्यात दिसणारी उजेडाची चकाकी तिरकी बघा, नजर ओळंब्याच्या रेषेपासून ५३ अंशांवर. या कोनात पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचे कंपन आडवे असते. डोळ्यासमोर धरलेला कागद फिरवत गेलात की एका ठिकाणी चकाकी विझते. त्या वेळी कागदाचा अक्ष उभा असतो. तिथे पेनाने रेघ ओढा. समुद्रावर हे नीट होत नाही. प्रत्येक लाटेचा उतार वेगळा, त्यामुळे चकाकी कमी होते, पण विझत नाही. वारा पडलेला असताना खाडीचे पाणी चालते.

आता ५ सेंमी उंचीचा आणि टोकाशी ४५ अंशांचा समद्विभुज त्रिकोण पुठ्ठ्यावर कापा. त्याची मधली रेघ कागदाच्या अक्षाला समांतर ठेवून आठ तुकडे आखा. एक टोक वर, पुढचे खाली असे मांडले तर १५ सेंमीच्या चौकोनी कागदात ते सहज बसतात. कापताना कागद उलटा करू नका. अक्षाच्या अंदाजात पाच अंशांची चूक झाली असेल तर सगळे तुकडे निदान एकाच बाजूला चुकतील आणि चाक थोडे मुरडलेले दिसेल. काही तुकडे उलटले गेले तर चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते आणि नक्षीच बिघडते. टोके मध्यावर जुळवून तुकडे फोटोफ्रेमच्या दोन काचांत दाबा. चिकटपट्टी फक्त बाहेरच्या कडेला लावा, कारण ती स्वतःच कंपनाची दिशा बदलते.

मागे ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे साधा बल्ब ठेवा. मोबाइलचा पडदा नको, त्याचा प्रकाश आधीच ध्रुवीकृत असतो. समोर दुसरा पोलरॉइड (कापून उरलेल्या कागदाचा तुकडा) धरला की त्याच्या अक्षावरचे दोन तुकडे उजळ, काटकोनातले दोन काळे आणि उरलेले चार निम्म्या उजेडाचे दिसतात. पोलरॉइड फिरवला की नक्षीही त्याच दिशेने, तेवढीच फिरते. उलटी फिरली तर तुकडे चुकीच्या क्रमाने लागले आहेत.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. हे चाक दिशा दाखवते, पण कला (कंपन त्या क्षणी आपल्या फेरीत कुठे आहे ते, म्हणजे फेज) जुळवत नाही. खऱ्या अरीय झोतात समोरासमोरच्या बिंदूंवर विद्युतक्षेत्र एकाच क्षणी विरुद्ध बाजूंना असते, म्हणून मध्यभागी कायम अंधार राहतो. त्यासाठी तुकडे पोलरॉइडचे नव्हे, हाफ वेव्ह प्लेटचे लागतात; ही पट्टी प्रकाश न अडवता कंपनाची दिशा आपल्या अक्षाच्या पलीकडे तेवढ्याच कोनात वळवते. आडव्या ध्रुवीकरणाचा झोत आत सोडायचा आणि प्रत्येक तुकड्याचा अक्ष त्याच्या जागेच्या कोनाच्या निम्म्यावर ठेवायचा : ९० अंशांवरच्या तुकड्याचा ४५ अंशांवर, १८० वरच्याचा ९० वर. ध्रुवीकरण बदलताना कलेत असा जो फरक पडतो, त्याचा पाया भौतिकशास्त्रज्ञ एस. पंचरत्नम यांनी बंगळुरात १९५६ साली घातला.

प्रश्न : असा झोत इतका मंद केला की एका वेळी एकच फोटॉन येईल, तर त्याचे ध्रुवीकरण कोणते? वरचे फोटॉन उभे, उजवीकडचे आडवे, अशी वाटणी असते का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. प्रत्येक फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या, अवस्थेत संपूर्ण चाक असते. वाटणी असती तर काय झाले असते ते पाहा. खरा अरीय झोत उभ्या पोलरॉइडमधून सोडला की वर आणि खाली असे दोन ठिपके उरतात आणि मधली काळी रेघ झोत कितीही दूर गेला तरी काळीच राहते, कारण दोन्ही ठिपक्यांची कला विरुद्ध आहे. वेगवेगळे फोटॉन वेगवेगळ्या ठिपक्यांतून आले असते तर प्रकाश पसरून ती रेघ भरून गेली असती. एकेक फोटॉन सोडून हजारो नोंदी साठवल्या तरी ती रिकामीच राहते.

जागा न पाहता फक्त ध्रुवीकरण विचारले तर? पोलरॉइड कोणत्याही कोनात ठेवा, निम्मे फोटॉन पार होतात. वर्तुळाकार ध्रुवीकरण (कंपनाची दिशा सतत उजवीकडे किंवा डावीकडे फिरत राहते ते) तपासले तरी निम्मेच. म्हणजे सबंध झोत एका शोधकात गोळा केला तर तो ‘अध्रुवीकृत’ ठरतो, प्रत्यक्षात मात्र त्याचा प्रत्येक बिंदू पूर्ण ध्रुवीकृत असतो. अशा झोताला एकच आकडा लावणे म्हणूनच चूक आहे. त्याचा नकाशा हवा. जागा आणि दिशा इथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण एकाच फोटॉनच्या आत. दूरच्या दोन फोटॉनांमधल्या गुंतागुंतीशी (एंटँगलमेंट) याची गल्लत करू नये.

प्रश्न : हा नकाशा मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढता येतो का?
– एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : येतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली मांडलेल्या चार राशी प्रत्येक पिक्सेलला काढायच्या. त्यासाठी सहा फोटो लागतात : पोलरॉइड ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर असताना चार, आणि उजव्या व डाव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे दोन. थ्रीडी सिनेमाचा वर्तुळाकार पद्धतीचा चष्मा दोन्ही कामे करतो. नेहमीच्या बाजूने धरला तर त्याची एक काच उजवे ध्रुवीकरण घेते, दुसरी डावे. उलटा धरला तर तो साध्या पोलरॉइडसारखा चालतो. पद्धत ओळखायची असेल तर चष्मा लावून आरशासमोर एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यावरची काच काळी दिसली तर चष्मा वर्तुळाकार पद्धतीचा.

पहिली राशी म्हणजे ० आणि ९० च्या फोटोंची बेरीज, दुसरी त्यांची वजाबाकी, तिसरी ४५ वजा १३५, चौथी उजवे वजा डावे. तिसरीला दुसरीने भागून येणारा आकडा ज्या कोनाचा टॅन्जंट आहे, त्या कोनाचे निम्मे म्हणजे कंपनाची दिशा; दोन्हींची चिन्हे धरूनच कोन काढा, नाहीतर तो ९० अंशांनी चुकेल.

फोटो प्रो मोडमध्ये, रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) काढा. आयएसओ, शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कायम ठेवा. जेपीईजीत उजेड आणि आकडा सम प्रमाणात नसतात, तिथेच बहुतेकांचे गणित बिघडते. दिवा बंद करून एक काळा फोटो घ्या आणि तो सगळ्यांतून वजा करा. मग ० अधिक ९० आणि ४५ अधिक १३५ या बेरजा ताडून पाहा. त्या जुळत नसतील तर दिवा मंदावला किंवा कॅमेऱ्याने आपणहून काहीतरी बदलले आहे. ध्रुवीकरणाचे प्रमाण (दुसरी, तिसरी आणि चौथी राशी यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ भागिले पहिली) १ च्या वर गेले तर पिक्सेल जास्त उजेडाने भरून गेले आहेत का ते आधी बघा.

लेझर असेल तर त्यात डोळ्याने कधीही बघू नका, झोत कागदावर पाडा. पोलरॉइड मात्र कागदाच्या आधी हवा. पांढऱ्या कागदावरून विखुरलेल्या प्रकाशात ध्रुवीकरण जवळजवळ उरत नाही.

पावसाळ्यात पोलरॉइड सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. त्यातला आयोडीनचा थर दमट हवेने फिका पडतो आणि मग काटकोनात धरलेले दोन तुकडेही पूर्ण अंधार देत नाहीत.