टक्के मागू नकोस, सोय माग

पोरी,

तुला मिरगी, पण दिव्यांग प्रमाणपत्राच्या वैद्यकीय बोर्डानं टक्के दिले नाहीत, कॉलेजनं होस्टेल सोडायला सांगितलं, आणि तू विचारतेस, "मग मी कोणातच बसत नाही का?" बसतेस. तुला चुकीच्या खिडकीवर उभं केलंय, एवढंच झालंय.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि सगळा घोळ त्या एकच समजल्यानं होतो. पहिली 'दिव्यांग व्यक्ती'ची. शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांचा दीर्घकाळचा दोष, आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळं इतरांच्या बरोबरीनं वावरता न येणं. त्यात टक्क्यांचा उल्लेख नाही. दुसरी 'लक्षणीय दिव्यांगत्वा'ची. तिला किमान ४० टक्के लागतात, कारण सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण आणि उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा तिच्यावर मिळतात. कायद्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत मिरगीचं नाव नाही. जुनाट मज्जाविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं 'यांसारखे' म्हणून घेतली आहेत, पण निव्वळ मिरगीवर टक्के द्यायला बोर्ड सहसा तयार होत नाही. झटक्यांसोबत सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर त्या नावानं टक्के मिळतात. तुझं तसं नाही. कलम ५९ खाली अपील करायचं तर कर, पण त्यापायी वर्ष घालवू नकोस. टक्के मागू नकोस, सोय माग.

सोय नाकारणं हाच भेदभाव, असं कायद्यानं व्याख्येतच म्हटलंय. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्केवाल्यांपुरता नाही. त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा आणि आयोगाचं म्हणणं होतं की टक्के नाहीत तर लेखनिक नाही. आयोग हरला. मग ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ४० टक्क्यांखालच्या, लिहिताना अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. या निकालाचं नाव आणि तारीख तुझ्या अर्जात आलीच पाहिजे.

आता अर्ज. त्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी, आणि इथंच बहुतेकांचं बिघडतं. डॉक्टर 'फिट फॉर स्टडी' लिहून देतात. त्या तीन शब्दांचा तुला काडीचा उपयोग नाही. त्यांना विनंती करून एवढं लिहून घे: झटका कोणत्या प्रकारचा, साधारण किती मिनिटं चालतो, आधी काही सूचना मिळते का, गोळ्या कोणत्या आणि किती वाजता, झटक्यानंतर किती विश्रांती लागते, काय टाळायचं आणि काय बिनधास्त करता येतं. शेवटचा मुद्दा सोडू नकोस. ज्या कागदावर फक्त 'टाळा' असतं, त्याचाच आधार घेऊन तुला काढून टाकतात.

अर्जात रडगाणं नको, 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' नको. कलम ३ आणि कलम १६ लिही. दिव्यांगत्वावरून भेदभाव नको, हे ३ मध्ये आहे. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेनं विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, हे १६ मध्ये आहे. मग नेमकी सोय: तळमजल्यावरची खोली, आत कडी न लावण्याची मुभा, खालची खाट, रेक्टर आणि खोलीतली एक मुलगी यांना प्रथमोपचाराची माहिती. परीक्षेत दाराजवळची जागा, बाकावर पाणी आणि गोळी, झटका आला तर गेलेला वेळ भरून देणं. आणि प्रथमोपचाराचा एक कागद सोबत जोड: कुशीवर वळवा, डोकं सांभाळा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेला तर १०८. प्राचार्यांची भीती निम्मी या कागदानंच कमी होईल. त्यांना काय करायचं ते ठाऊक नाही म्हणून ते तुला घरी धाडताहेत.

दोन प्रती ने. बाबू म्हणेल, "ठेवून जा, साहेब बघतील." जायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेऊनच खिडकी सोडायची. घेतच नसतील तर स्पीड पोस्टनं पाठव आणि पावती जप. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचार: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? तीस दिवसांत सांगावं लागतं. अनुदानित कॉलेजलाही.

तरीही नाही म्हणाले तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. त्यांनी शिफारस केली की संस्थेला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीत जा. मुलगी असणं एवढंच कारण मोफत वकिलासाठी पुरे आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे तुझ्या मायला नीट समजावून सांग, तिला कोर्टाच्या खर्चाचीच धास्ती आहे.

मी पोरींना भांडायला शिकवते असं गावात बोलतात. बोलोत. शिक्का मारून पोच मागणं हे भांडण असेल तर ते मी शिकवतच राहणार. टक्क्यांच्या नादात, "सर्टिफिकेट आलं की बघू" म्हणत किती पोरी घरी बसल्या, ती सल मला शांत बसू देत नाही. म्हणून तुला परत तेच सांगते, तू कंटाळलीस तरी. सोय माग, लेखी माग.

कायदा तुझ्या बाजूनं आहे म्हणून सगळंच तुझ्या मनासारखं होईल असं नाही. योग्य उद्देशासाठी आणि प्रमाणात घातलेली बंदी कलम ३ ला चालते. गाडीच्या लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये मिरगी आहे का असं सरळ विचारलंय. तिथं खोटं 'नाही' लिहू नकोस. उंचीवरचं काम, उघडी यंत्रं, विहिरीचा काठ यावर वाद घालू नकोस. सुट्टीत रात्रीची लाईन येते म्हणून ओलिताला तुला जागवतात, ते मात्र बंद कर. जागरणानं झटका येतो आणि मोटार विहिरीवरच असते. बाबांना डॉक्टरांसमोर बसवून हे ऐकव.

पुढं सरकारी नोकरीत असताना त्रास वाढला तर कलम २० आहे. काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. खासगीतही कलम २१ प्रमाणे समान संधीचं धोरण असावं लागतं, ते लेखी माग.

राहिलं लग्न. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत 'अपस्मार' म्हणजे मिरगीही होती, तो शब्द १९९९ मध्येच काढला. २०२३ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की मिरगी हा असाध्य रोग नाही आणि मानसिक विकारही नाही, घटस्फोटाचं कारण होत नाही. पण लपवून केलेलं लग्न त्याच विवाह कायद्याच्या कलम १२ खाली फसवणूक म्हणून कोर्टात ओढता येतं. माय लपवायला सांगते, तिथं तिचं ऐकू नकोस. बोलणी चालू असतानाच चार माणसांत सांग आणि निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरही धाड, म्हणजे पुरावा राहतो. गोळी सोडियम व्हॅल्प्रोएटची असेल तर लग्न ठरण्याआधी डॉक्टरांशी बोल, कारण गरोदरपणात तिचा बाळाला धोका असतो. स्वतःहून मात्र एक दिवसही बंद करू नकोस.

अर्जाचा मसुदा आधी मला पाठव. 'सहानुभूती' शब्द दिसला तर परत पाठवीन.