उरलेले पुडे स्वतः विकत घेऊ नका

आदरणीय आक्कांना सा. न.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आमचे हे यंत्रमागावर कामाला आहेत आणि मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मुलगा मराठी शाळेत सातवीला आहे. शाळेच्या सभागृहाची कौले बदलायची आहेत, म्हणून दसऱ्यानंतर प्रत्येक मुलाकडे 60 रुपयांचे 20 अगरबत्तीचे पुडे आणि 50 रुपयांच्या 10 कुपनांचे पुस्तक दिले आहे. कुपनांची सोडत निघणार असून बक्षीस मिक्सर आहे. कोणी किती विकले ते फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहितात. आमच्या गल्लीत त्याच शाळेची पाच मुले आहेत, म्हणजे एकाच दारात तीच अगरबत्ती पाच वेळा. माझ्या एका ग्राहक बाईंनी दोन पुडे घेतले आणि शिलाईचे 350 रुपये देताना "पुड्याचे त्यातच धरा" म्हणाल्या. गेल्या वर्षी 15 पुडे होते, त्यांतले 12 मीच भिशीच्या पैशांतून घेतले. ते अजून ट्रंकेत साड्यांमध्ये पडून आहेत. शाळेला पुड्यामागे 20 रुपये सुटतात असे क्लार्कनी सांगितले. यंदा 9 पुडे खपले, कुपन एकही नाही. परवा पलंगाखाली पिशवीत 11 पुडे सापडले. सरांना मात्र सगळे विकले असे मुलाने सांगितले आहे. हे म्हणतात, सगळे परत कर. सासूबाई म्हणतात, मराठी शाळा आधीच कमी होत चालल्या आहेत, आपणच हात आखडता घेतला तर कसे? मी काय करू?

— एक आई, वडगाव

सौ. भगिनीस सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ट्रंकेची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली मला तिथेच दिसली. गेल्या वर्षी तुम्ही 12 पुड्यांचे 720 रुपये भरलेत, त्यांतील 240 रुपये शाळेला मिळाले आणि 480 रुपये माल पुरवणाऱ्याच्या गल्ल्यात गेले. तुमच्या भिशीच्या पैशांतील दोन तृतीयांश वाटा कौलांना लागलाच नाही. याहून मोठे नुकसान पुढे झाले. शाळेच्या वहीत तुमच्या मुलाच्या नावापुढे पंधरापैकी पंधरा पुडे विकले गेल्याची नोंद झाली, आणि तुमच्यासारखाच हिशेब गुपचूप पुरा करणाऱ्या आणखी कितीतरी घरांची नोंदही तशीच झाली असणार. त्या वह्या पाहून कोणत्याही मुख्याध्यापकांना असेच वाटेल की अगरबत्ती झपाट्याने खपते आणि पालकांची काहीच हरकत नाही. यंदा पंधराचे वीस झाले ते या समजुतीतूनच झाले असावेत, असे मला वाटते. पालकांनी पदरमोड करून झाकलेली गोष्ट शाळेला दिसणार तरी कशी? म्हणून माझे पहिले सांगणे हे की, यंदा उरलेले 11 पुडे तुम्ही विकत घेऊ नका आणि त्यासाठी भिशी तर मुळीच उचलू नका.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते, कारण ते बाजूला सारण्यासारखे नाही. सीमाभागात आपल्या भाषेची शाळा टिकवणे म्हणजे काय असते, हे खानापूरपासून निपाणीपर्यंत कोणाला वेगळे सांगायला नको. शिक्षकांच्या पगाराचे अनुदान सरकारकडून येत असले, तरी बेळगावच्या पावसात कौले फुटली तर ती बदलण्याची तजवीज संस्थेलाच करावी लागते, आणि शाळेचा पट रोडावलेला असेल तर वर्गणी मागायला घरेही कमीच उरतात. शाळेने हात पसरला यात वावगे काही नाही. गणपतीला, शिवजयंतीच्या चित्ररथाला आणि गल्लीच्या यात्रेला आपण पावती फाडतोच, मग शाळेला का देऊ नये? सासूबाईंचे इतके सारे मला मान्य आहे. फरक एवढाच की गणपतीची वर्गणी मागायला मंडळाचे कार्यकर्ते दारात येतात, ऐपतीप्रमाणे आकडा ठरतो आणि पावती हातात पडते. तिथे कोणी बारा वर्षांच्या मुलाच्या हाती वीस पुडे ठेवून किती खपले ते सगळ्यांसमोर लिहीत नाही. शाळेचे देणे मोठ्यांचे आहे, ते मोठ्यांनी आपल्या हाताने द्यावे. मुलाच्या तोंडून ते वसूल होऊ लागले की शाळेवरच्या मायेला धाकाचा वास येऊ लागतो.

लहानपणी आम्हीही विकायला जात होतो, तेव्हा हे म्हणताना मी स्वतःला तपासून पाहिले. दर वर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो, तो 1949 पासून पाळला जातो. आम्ही शाळेतून कागदी निशाणे आणि टाचण्या घेऊन बाजारातून फिरायचो. हातातल्या पत्र्याच्या डब्याला सील असायचे. कोणी पाच पैसे टाको की रुपया, डबा बंदच राहत असल्यामुळे कोणत्या मुलीने किती जमवले हे डबा फुटेपर्यंत बाईंनाही कळत नसे, आणि फुटल्यावर सगळे पैसे एकाच ढिगात जात. त्या सीलचे महत्त्व तुमचे पत्र वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या फळ्याचा कोपरा नेमका त्याच्या उलट काम करतो आहे.

कायद्याचा आधार शोधावा असे तुमच्या यजमानांच्या मनात असेल, तर त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी ठरलेल्या फीखेरीज देणगी घेण्यास मनाई केली आहे. प्रवेशानंतरच्या विक्रीला ते कलम थेट लागू होत नाही. त्याच कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि विक्रीचे आकडे रोज फळ्यावर मांडणे त्या कलमाच्या हेतूशी जुळणारे नाही असे माझे मत आहे. अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, अशीही तरतूद आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर मात्र अनुदानित आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिती केवळ सल्लागार राहिली आहे. त्यात शाळेला मराठी भाषिक अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार हा कायदाच तिला लागू होत नाही. आपली शाळा चालवण्याचा जो हक्क संविधानाच्या 30 व्या कलमाने आपल्याला मिळाला, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओंच्या) कार्यालयाची पायरी चढण्याआधी मुख्याध्यापकांच्या दारात जाणे शहाणपणाचे ठरेल. तिथे तुमचे म्हणणे ऐकले जाण्याचा संभव अधिक आहे, आणि आपल्या शाळेची तक्रार बाहेर नेल्याचे ओझेही तुमच्या मनावर राहणार नाही.

कुपनांच्या बाबतीत मात्र मी इतकी मऊ राहणार नाही. पैसे घेऊन कुपन विकणे आणि चिठ्ठी काढून एकाला मिक्सर देणे याला सोडत म्हटले तरी ती लॉटरीच होते. कर्नाटकाने 2007 मध्ये लॉटरी बंद केली, आणि सरकारी परवानगीवाचून लॉटरी चालवणे हा देशाच्या फौजदारी कायद्यानेही गुन्हा आहे. आता ते भारतीय न्याय संहितेच्या 297 व्या कलमात आहे. शाळेच्या मनात पाप नाही हे मला ठाऊक आहे, कोणीतरी सुचवले आणि छापून झाले, असेच बहुधा घडले असेल. तरीही ज्या पुस्तकाच्या स्थळप्रतीवर मुलाचे नाव पडणार, ते पुस्तक कोरेच परत करा आणि कारणही सांगा. संस्थेच्या चालकांना हे आता कळलेले बरे, उद्या पोलिसांकडून कळण्यापेक्षा.

आता मुलाविषयी. पलंगाखालच्या पिशवीवरून त्याला खोटारडा ठरवू नका. पाच मुलांनी पिंजून काढलेल्या गल्लीत सहाव्यांदा कडी वाजवण्याचे धैर्य त्याच्याजवळ उरले नव्हते, आणि तुमच्या भिशीचा हप्ता पुन्हा मोडावा असेही त्याला वाटत नसणार. गेल्या वर्षी ट्रंकेत पुडे रचताना तो तुम्हाला पाहत होता, हे विसरू नका. उरलेला माल घरात दडवावा आणि शाळेत सगळे विकले म्हणून सांगावे, हे तो तुमच्याकडूनच शिकला. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. रात्री जेवणे झाल्यावर त्याच्याशी एकट्याशी बोला, गेल्या वर्षी मीही असेच केले आणि ते चुकले, हे आधी तुम्ही कबूल करा, मग सरांना खरे सांगायला आपण दोघे मिळून जाऊ असे म्हणा. त्याला एकट्याला पुढे करू नका, आणि त्याच्या वतीने सगळे तुम्हीच बोलूनही टाकू नका. "सर, नऊच विकले गेले" हे चार शब्द त्याचे त्याने बोलावेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गर्दी ओसरते, तेव्हा जा. सोबत एक चिठ्ठी न्या आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर साधा असू द्या: "माझ्या मुलाकडे दिलेल्या 20 पुड्यांपैकी 9 विकले गेले, त्यांचे 540 रुपये आणि उरलेले 11 पुडे सोबत जमा करीत आहे. कुपनांचे पुस्तक न वापरता परत करीत आहे. कौलांच्या कामासाठी आमच्याकडून 200 रुपये देणगी स्वीकारून पावती द्यावी. मुलांच्या विक्रीचे आकडे फळ्यावर लिहू नयेत, अशी नम्र विनंती आहे." देणगीचा आकडा मी 200 लिहिला तो असा: 11 पुड्यांसाठी तुम्ही 660 रुपये मोडले असते, तरी शाळेला त्यांतून 220 च मिळाले असते. तुम्हाला 200 जड जात असतील तर 100 द्या. तेही नको असतील तर यजमानांनी एक रविवार कौले उतरवायला यावे, तीही देणगीच आहे. रिकाम्या हाताने तक्रार घेऊन आलेल्या पालकाचे आणि पावती मागणाऱ्या पालकाचे म्हणणे मुख्याध्यापक एकाच कानाने ऐकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

गल्लीतल्या इतर चार आयांनाही आधी विचारा. त्यांच्याही ट्रंका उघडून पाहाव्यात असे मला वाटते! चौघीजणी बरोबर आल्या तर पालकसभेत हा विषय निघेल, आणि मग केवळ नको म्हणण्यावर न थांबता दुसरे काही सुचवता येईल. आपल्याकडच्या कन्नड शाळांत "मक्कळ संते" भरते ती तुम्ही पाहिली असेल: एका सकाळी शाळेच्या पटांगणातच मुले कोथिंबीर, मेथी, घरचे लाडू, भडंग मांडून बसतात, पालक आपण होऊन येतात, घ्यावेसे वाटले तर घेतात, आणि मुलांचा तोंडी हिशेबही होतो. कोणाच्या दारात जावे लागत नाही, आणि पुरवठादाराला मधल्या मध्ये काही जात नाही. मोठी रक्कम उभी करायची असेल तर ती माजी विद्यार्थ्यांकडूनच येईल. पुण्या-गोव्याला गेलेल्या दहावीच्या जुन्या तुकड्या हल्ली दिवाळीत स्नेहमेळावे भरवतात; तिथे गळक्या छताचा फोटो आणि कामाचे अंदाजपत्रक घेऊन संस्थेच्या एखाद्या चालकाने उभे राहावे. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची (80-जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी असेल तर जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांना प्राप्तिकरात सवलतही मिळते, फक्त 2000 रुपयांवरची देणगी रोखीने दिलेली चालत नाही, ती बँकेतून यावी लागते.

पुडे परत केल्यावर मुलाच्या संध्याकाळी मोकळ्या होतील. दिवाळी तोंडावर आली आहे आणि त्याने अजून किल्ल्याची मातीही आणलेली नसेल.

गेल्या वर्षीचे 12 पुडे आधी ट्रंकेतून काढा, नाहीतर साड्यांचा तो वास जन्मभर जाणार नाही. गल्लीच्या देवळात देऊन टाका. आणि त्या ग्राहक बाईंचे दोन पुडे नऊमध्ये धरलेले आहेत, म्हणजे त्यांचे 120 रुपये तुम्ही शाळेत भरणारच आहात. बाईंकडे जे 120 राहिले आहेत ते तुमच्या शिलाईचे आहेत. पुढच्या वेळी त्या ब्लाऊज न्यायला आल्या की शाळेचे नावही न काढता मागून घ्या.

तुमची,
आक्का