बदली होऊन दापोलीला एकटी राहायला येतेय. गाव सुरक्षित आहे का, परक्या माणसाला सामावून घेतात का?

हो. कृषी विद्यापीठामुळे १९७२ पासून इथे बाहेरची मुलं-माणसं राहत आली आहेत, त्यामुळे एकटी भाडेकरू बाई ही नवलाई नाही. पण "तुम्ही कुठल्या? घरी कोण कोण?" हे पहिल्या दिवशीच विचारतील. राग मानू नका, सरळ उत्तर द्या. पुढे रात्री दिवे गेले की मेणबत्ती घेऊन येणारी हीच माणसं असतात. जात विचारून खोली नाकारणारे मालकही भेटतील, हे दुर्दैवाने खरं आहे. तिथे वाद घालत बसू नका, दुसरी खोली बघा.

खोली बाजारपेठ किंवा एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शक्यतो मालक तळमजल्यावर राहतात अशी घ्या. बाहेरच्या वाडीतली स्वस्त खोली पावसाळ्यात महागात पडते: लाइट जाते, रस्त्यावर काळोख, आणि संध्याकाळनंतर गाडी मिळत नाही. ११ महिन्यांचा करार नोंदवूनच घ्या. नोंदणी ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली का, तेही विचारा.

रेल्वेने येणार असाल तर स्टेशन खेडला, तिथून सुमारे ३० किलोमीटर घाट. रात्री उशिरा पोहोचणारी गाडी टाळा, शेवटची एसटी आधी विचारून ठेवा. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. जून ते सप्टेंबर बॅटरी हातात घेतल्याशिवाय अंगणात उतरू नका; फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही.