गोचीड तापाचा रिपोर्ट येईपर्यंत

आठ महिन्यांचं कुत्र्याचं पोर जेवण सोडून कोपऱ्यात पडलंय म्हटल्यावर जिवाला घोर लागणारच. पण रिपोर्टला उशीर होतोय म्हणजे काहीतरी वाईट निघालंय, असं मुळीच नाही. रक्ताच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या थेंबात, जंतू नेहमी सापडतोच असं नाही, म्हणून पीसीआरला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला पाठवतात आणि त्याला वेळ लागतो. डॉक्टरांनी त्याआधीच डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर दचकू नका. संशय दाट असला की तसं करतात. गोळी मात्र खाण्यासोबतच द्या, वर थोडं पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते.

आणि ते सारखं नाक चाचपणं बंद करा! नाकावरून ताप कळत नाही. थर्मामीटर शेपटीखालूनच लावायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. सकाळ-संध्याकाळ वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हे सगळं वहीत वेळेसकट लिहा. डॉक्टरांना उपयोग होतो, शिवाय तुमच्या हाताला काम मिळतं.

हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, पोटावर जांभळे डाग उठले किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर रिपोर्टची वाट न बघता, रात्र असली तरी दवाखाना गाठा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका.

रात्री गूगल करायचंच असेल तर जवळचा चोवीस तास उघडा असलेला दवाखाना शोधून ठेवा.