नाजूक पोटाच्या छोट्या कुत्र्याला काय खाऊ घालावं

ताई, आधी एक करा: खाणं रोज बदलणं थांबवा. पोट बिघडलं की कुत्र्याच्या तयार खाण्याची नवी पिशवी, पुन्हा बिघडलं की तिसरी, यात ते लेकरू सावरतच नाही. नवं खाणं सुरू करताना जुन्यात थोडं थोडं मिसळत 7 ते 10 दिवसांत पूर्ण बदल करा.

पिशवीवरची किंमत नंतर, घटक आधी वाचा. कोंबडी किंवा मासा, असा एकच मांसाचा प्रकार असलेलं, कमी चरबीचं आणि बारीक दाण्याचं घ्या. चरबी छोट्या जातींना फार बाधते, त्यातून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून मटणाची चरबी, तळलेलं काही नकोच. दूधही बंद, पुष्कळ कुत्र्यांना ते पचत नाही. आपल्याकडं उरलेल्या कालवणात भाकर कुस्करून घालायची सवय आहे, पण त्यातला कांदा-लसूण कुत्र्यासाठी विषारी असतो. हे घरातल्या आजीलाही नीट समजावून सांगा.

जुलाब असतील तेव्हा बिनमिठाची उकडलेली कोंबडी आणि मऊ भात, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. दोनेक दिवसांपुरतंच.

आणि आपला मराठवाड्यातला उन्हाळा! उघडी पिशवी पत्र्याच्या खोलीत ठेवली की त्यातलं तेल खवट होतं. लहान पिशवी घ्या, घट्ट डब्यात, थंड जागी ठेवा.

शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या थांबेनात किंवा ते मलूल पडलं, तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरकडं न्या. छोट्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.