हे वाक्य कोणाच्या तोंडचं?

चि. लेखिकेस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नाटकाचं भाषांतर आणि मालिकेचे संवाद अशी दोन कामं एकदम चालून आली, आणि तू रडतेस काय, तर कादंबरी मागे पडेल! 'वरकड कामं' म्हणतेस तू त्यांना. त्या शब्दाने डोकं फिरलं म्हणून लगेच लिहायला बसलो.

आंद्रे ब्रिंकच्या कादंबऱ्यांवर तू माझ्याशी तासन्‌तास भांडलीयेस. मग दक्षिण आफ्रिकेतला हा आफ्रिकान्स भाषेतला कादंबरीकार त्याच वर्षांत आणखी काय करत होता, तेही बघ की जरा. ग्रॅहम्सटाउनला ऱ्होड्स विद्यापीठात शिकवायचं, कादंबऱ्या लिहायच्या आणि दुसऱ्यांची नाटकं आपल्या भाषेत आणायची. १९६९ला शेक्सपिअरचं 'रिचर्ड तिसरा', १९७२ला चेकॉव्हचं 'सीगल', १९७५ला 'रोमिओ अँड ज्युलिएट'. यातलं वरकड कुठलं, सांग.

मधलं १९७१चं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 'किंकेल्स इनी काबेल'. 'कॉमेडी ऑफ एरर्स'मधले जुळ्यांचे घोटाळे ब्रिंकने उचलून थेट केप प्रांतात आणले आणि पात्रांना तिथल्या 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, लोकांची बोली दिली. तेव्हा सत्तेवरच्या वर्णभेदी मंडळींना आफ्रिकान्स म्हणजे गोऱ्यांची वडिलोपार्जित इस्टेट वाटत होती. प्रत्यक्षात ती भाषा घडली त्यात डच मालकांच्या घरी राबणाऱ्या गुलामांचा आणि तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांचा मोठा वाटा. तिचं अगदी सुरुवातीचं काही लेखन तर केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत केलेलं आहे! आणि या 'कलर्ड' लोकांचा केपटाउनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स हा मोहल्ला १९६६मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. घरं पाडून माणसं दूर वाळूच्या माळावर नेऊन टाकली. अशा काळात शेक्सपिअरला त्यांच्या बोलीत बोलायला लावायचं, म्हणजे नुसती गंमत नव्हे. हे वाक्य कोणाच्या तोंडचं, एवढाच प्रश्न. पण त्या देशात तो विचारला की सरकारपर्यंत पोचायचा.

गोऱ्या प्राध्यापकाने ती बोली वापरावी का, असं तू विचारशील. विचारच. अ‍ॅडम स्मॉल हे त्याच समाजातले नाटककार. त्यांनी ब्रिंकच्या आधी, १९६५लाच, त्या बोलीत स्वतःचं नाटक लिहिलं होतं, आणि माझ्या मते ते जास्त खोल आहे. म्हणून ब्रिंकचं काम फुकट ठरत नाही.

पुढे १९७३ची कादंबरी, 'केनिस फान दि आंट'. नायक कोण? योसेफ मालान, 'कलर्ड' नट. लंडनला शिकून परत येतो, नाटकमंडळी काढतो, आणि फाशीच्या कोठडीत बसून आपली हकिकत लिहितो. चार वर्षं रंगभूमीची वाक्यं घोटलेल्या माणसाला नायक म्हणून नटच सुचावा, हा योगायोग मी मानत नाही. १९७४ला सरकारने तिच्यावर बंदी घातली. आफ्रिकान्स कादंबरीवरची ती पहिली बंदी. ब्रिंकने ती स्वतःच इंग्रजीत केली आणि पुस्तक जगभर गेलं. हात बसलेला होता म्हणून जमलं, बाई! आणि ऐक, आफ्रिकान्समधला मानाचा हर्टझोग पुरस्कार त्याला आधी नाटकासाठी मिळाला, २००० साली. कादंबरीसाठी त्याच्या पुढच्या वर्षी.

आता तुझी पानं. भाषांतर नेटकं आहे, व्याकरण चोख आहे, आणि सगळी पात्रं अग्रलेख वाचून आल्यासारखी बोलतात. पहाटे दूध घालायला आलेली बाई दारात म्हणते, "परिस्थिती दिवसेंदिवस चिघळत चालली आहे." अगं, तिच्या हातात किटली आहे, अजून चार घरं व्हायचीयेत! ती म्हणेल, "काय खरं नाही बघा वहिनी," आणि पायरी उतरेल. तुझं वाक्य चूक नाही, ते तिचं नाही. कोणाच्या तोंडचं, कोणाच्या तोंडचं, हे प्रत्येक ओळीला विचार. कंटाळा आला तरी विचार. कादंबरीत निवेदनाच्या पांघरुणाखाली खोटा संवाद झाकता येतो. तालमीत नट दुसऱ्या मिनिटाला अडखळतो आणि तुझ्याकडे बघतो. ही शिक्षा तुला मानधनासकट मिळतेय, आणि तू ती नाकारायला निघालीस?

माझ्याबद्दल काय बोललं जातं ते तुझ्या कानावर असेलच. जन्मभर श्रुतिका, रूपांतरं आणि मालिकांचे संवाद लिहीत बसला, कादंबरी काढली एकच, तीही बारकी. दुसरी मनात होती, ती राहिली, याची रुखरुख आहे. उगाच नाही म्हणणार नाही. पण ते काम खालच्या दर्जाचं होतं असं कोणी म्हटलं, की माझा आवाज अजूनही चढतो. त्या एका बारक्या कादंबरीतली माणसं आपापल्या तोंडाने बोलतात ना? ती कुठे शिकली बोलायला? असो. विषय तुझा चाललाय.

दोन्ही कामं घे. मालिकेवाल्यांकडून मानधनाचं आधी लेखी घे, गोड बोलण्यावर जाऊ नकोस. भाषांतराचा दुसरा अंक स्वतः मोठ्याने वाचल्याशिवाय मला पाठवू नकोस; पाठवलास तर न वाचता परत करीन. दूधवालीचा प्रवेश मात्र आधी, याच आठवड्यात.

तुझा,
सर