जानेवारीत स्वतःची फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जाता येईल का?

येईल, पण मनालीकडून नाही. त्या वाटेवरची साडेचार हजार मीटरवरची ‘कुंझुम ला’ खिंड हिवाळ्यात बंद असते. शिमला, रेकाँग पिओ, नाकोमार्गे स्पितीतलं मुख्य गाव काझा गाठा. खरी भीती भुसभुशीत बर्फाची नाही, डांबरावर गोठलेल्या पाण्याच्या पातळ थराची. सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसतो आणि गाडी सटकते. फोर बाय फोर चढायला मदत करते, थांबायला नाही! उतारावर पहिला-दुसरा गिअर, ब्रेकवर हलकाच पाय. बर्फावर पकड देणाऱ्या चाकांच्या साखळ्या घरीच दोनदा चढवून बघा. तिथे बोटं बधिर होतात. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून अडकतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि दुपारी चारनंतर गाडी हाकू नका, कृपा करून.